लॉगआउट केलं तरी अकाउंट परत उघडतंय? सार्वजनिक कॉम्प्युटरवर नेमकं कुठे राहून जातं

"मी लॉगआउट केलं होतं, मला पक्कं आठवतंय." हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता शंकाच घेत नाही, कारण बहुतेक वेळा माणूस खरंच सांगत असतो, त्याने बटण दाबलेलं असतं आणि तरी दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर त्याचा मेल उघडा सापडतो. मी एका वाचनालयातल्या कॉम्प्युटर रूमचं बघतो. दिवसभर माणसं येतात, कोणी फॉर्म भरतं, कोणी रिझल्ट बघतं, कोणी मेलमधली फाइल काढून प्रिंट घेतं, आणि संध्याकाळी मशीन बंद करायला बसलो की कुठल्या तरी ब्राउझरमध्ये कोणाचं तरी काहीतरी राहिलेलं असतंच. समजावून सांगितलं तरी आठवड्याने त्याच माणसाचं परत तसंच होतं, कारण प्रत्येक वेळी राहून जाण्याची जागा वेगळी असते. म्हणून मला माहीत असलेल्या सगळ्या जागा एकदा लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे आत येताना बॅग काउंटरवर ठेवायची आणि नंबराचा बिल्ला घ्यायचा अशी पद्धत आहे. काउंटरवरचा माणूस चेहरे लक्षात ठेवत नाही, बिल्ला दिला की बॅग देतो. वेबसाइटचंही अगदी तसंच असतं, एका क्लिकपासून दुसऱ्या क्लिकपर्यंत तुम्ही कोण ते तिच्या मुळात लक्षातच राहत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या प्रोग्रामरने यावर कुकी काढली, म्हणजे साइटने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली एक छोटी चिठ्ठी. तुम्ही पासवर्ड टाकता तो एकदाच, त्यानंतर ब्राउझर दर वेळी ती चिठ्ठी दाखवतो आणि साइट तुम्हाला आत घेते. तीच चिठ्ठी त्याच खुर्चीवर बसलेल्या दुसऱ्या कोणाच्या हाताखाली असली तरी साइट आत घेणारच, ती पासवर्ड परत विचारणार नाही आणि ओटीपीही मागणार नाही. लॉगआउट करणं म्हणजे बिल्ला परत देणं आणि काउंटरच्या वहीतून तो नंबर खोडणं. नुसता टॅब बंद करणं म्हणजे बिल्ला टेबलावर टाकून घरी जाणं.

आता गंमत बाजूला, खरी अडचण ही की एका बैठकीत तुमच्याकडे बिल्ला एकच नसतो. साइटचा एक असतो, ज्या मोठ्या अकाउंटने तुम्ही त्या साइटवर शिरलात त्याचा वेगळा, ब्राउझर स्वतःच तुमच्या नावाने साइन इन झाला असेल तर त्याचा तिसरा, आणि फोनवरून क्यूआर स्कॅन करून काही जोडलं असेल तर त्याचा अजून एक. तुम्ही परत करता त्यातला एक.

उठायच्या आधी ही तपासणी करा

लॉगआउट दाबलं की लगेच उठू नका. तो टॅब बंद करा, नवीन उघडा, साइटचं नाव स्वतः टाइप करा, एंटर दाबा आणि समोर काय येतंय ते शांतपणे बघा. बॅकचं बटण दाबून बघू नका, ते फसवतं, का ते खाली सांगतो. थेट तुमचं पान उघडलं तर लॉगआउट झालेलंच नाही. पान नाही पण तुमचं नाव, गोल फोटो आणि "या नावाने पुढे जा" असलं काही दिसलं तर साइटचा बिल्ला गेलाय, मोठ्या अकाउंटचा बहुतेक तिथेच आहे. नाव आधीच भरलेलं आणि पासवर्डच्या चौकोनात काळे ठिपके दिसले तर ब्राउझरने पासवर्ड सेव्ह केलाय. दोन्ही चौकोन रिकामे असले तरच काम झालं. या तपासणीला अर्धा मिनिटही लागत नाही आणि कुठल्या दुरुस्तीकडे जायचं ते तिच्यावरूनच कळतं.

थेट आत जातंय

बहुतेक वेळा इथे नुसता टॅब किंवा खिडकी बंद केलेली असते आणि डोक्यात "ब्राउझर बंद केला म्हणजे सगळं गेलं" असं पक्कं बसलेलं असतं. हे एका अर्थाने चूक नाही, काही कुकीज खरंच ब्राउझर बंद झाला की मरण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्यांना सेशन कुकी म्हणतात. पण क्रोममध्ये सुरुवातीच्या सेटिंगमध्ये "जिथे थांबलात तिथून पुढे चालू करा" असा पर्याय कोणी चालू करून ठेवला असेल, किंवा फायरफॉक्समध्ये आधीच्या खिडक्या आणि टॅब उघडायचं सेटिंग असेल, तर ब्राउझर त्या सेशन कुकीजही परत जिवंत करतो. विंडोजवर क्रोमचं अजून एक सेटिंग आहे, खिडकी बंद केली तरी मागे अ‍ॅप्स चालू ठेवायचं. म्हणजे तुमच्या डोळ्यांना क्रोम बंद दिसतो आणि तो बंद झालेलाच नसतो. मॅकवर लाल गोळा दाबला की फक्त खिडकी जाते, ब्राउझर चालूच राहतो, तिथे कमांड क्यू दाबून पूर्ण बंद करावा लागतो.

मी लोकांना हे तोंडी सांगत बसत नाही, करून दाखवतो. एक मुलगा होता, कॉलेजचा, रोज यायचा, मला म्हणाला सर मी टॅब बंद करतो की. मी म्हटलं बस इथे, तुझा मेल उघड, आता बंद कर. त्याने केला. मग त्याच कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि टी अशी तीन बटणं एकदम दाबली. टॅब परत आला आणि मेल उघडाच होता, वरचंच पत्र त्याच्या फी संदर्भातलं. तो काही बोलला नाही, त्याने माऊस हातात घेतला, कोपऱ्यातला फोटो दाबला आणि साइन आउट केलं. तेव्हापासून त्याचं काही राहिलेलं मला सापडलं नाही. तुम्हीही एकदा स्वतःच्या मशीनवर हे करून बघा, वाचून जे पटत नाही ते डोळ्यांनी बघितलं की पटतं.

यातच येते "मला लक्षात ठेवा" वाली टिक. ती केली की साइट चिठ्ठीवर पुढची तारीख घालून देते, मग ब्राउझर बंद होवो, मशीन रीस्टार्ट होवो, ती चिठ्ठी तारखेपर्यंत टिकते. क्रोमने २०२२ मध्ये कुकीच्या आयुष्याला जास्तीत जास्त ४०० दिवसांची मर्यादा घातली, पण साइटला परत भेट दिली की ती मुदत नव्याने वाढवता येते, तेव्हा मुदत संपायची वाट बघण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टचं अकाउंट पासवर्ड घेतल्यावर वेगळं पान दाखवून विचारतं की साइन इन राहायचंय का, तिथे घाईघाईत लोक निळं बटण दाबून मोकळे होतात कारण सगळीकडे पुढे जायला तेच दाबायची सवय असते. तिथे नाही म्हणा. आणि ओटीपीच्या पानावर "या कॉम्प्युटरवर परत विचारू नका" अशी टिक असते ती बघा, आधीच केलेली असेल तर काढा, नाहीतर पुढच्या माणसाला त्या मशीनवर तुमचा पासवर्ड पुरेल, फोनवरच्या कोडची गरजच उरणार नाही.

लॉगआउट केलं, पण एक क्लिक केलं की परत आत

माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. एक काकू मुलीच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायला आल्या होत्या. त्या साइटवर नवीन अकाउंट काढायचा कंटाळा म्हणून "गूगलने साइन इन करा" हे बटण दाबलं, फॉर्म भरला, आणि फार नीट, मला दाखवून वगैरे लॉगआउट केलं. दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर दुसरी मुलगी त्याच साइटवर गेली, तिनेही तेच बटण दाबलं, आणि पासवर्ड न विचारता थेट काकूंचा अर्धा भरलेला फॉर्म उघडला. बिचारी घाबरून माझ्याकडे आली की मी काही हॅक केलं का.

झालं असं की काकूंनी फॉर्मच्या साइटचा बिल्ला परत दिला, गूगलचा दिलाच नाही. तो घेतला होता हेच त्यांना माहीत नव्हतं, कारण गूगलची खिडकी दोन सेकंद उघडली आणि गेली. त्या साइटवरचं लॉगआउट गूगलला काहीही कळवत नाही. म्हणजे फॉर्म तर उघडा होताच, वर काकूंचा सगळा मेल, ड्राइव्ह, फोटो त्या मशीनवर रात्रभर उघडं होतं आणि हे मला जास्त लागलं, कारण त्या लॉगआउट करताना मी शेजारी उभा होतो. फेसबुकने साइन इन, मायक्रोसॉफ्टने साइन इन, सगळ्यांचं हेच. तेव्हा असं बटण वापरलं असेल तर दोन लॉगआउट करायची, एक त्या साइटवर आणि दुसरं ज्याच्या नावाने गेलात तिथे. गूगलचं असेल तर जीमेल उघडा, उजव्या कोपऱ्यातला गोल दाबा, साइन आउट करा. तिथे एकापेक्षा जास्त अकाउंट असतील तर सगळ्यांतून बाहेर पडा.

साइन आउट झाल्यावरही गूगल एक पान दाखवतं, त्यावर तुमचं नाव आणि मेल आयडी, खाली "साइन आउट केलंय" असं लिहिलेलं. आत कोणी जाऊ शकत नाही हे खरं, पण पुढच्या माणसाला तुमचा पत्ता आयता वाचायला मिळतो. त्याच यादीच्या खाली "अकाउंट काढा" आहे, त्यावर क्लिक करून नाव पुसून टाका.

कुकीज क्लिअर केल्या तरी जीमेल उघडतंय

ही सगळ्यात चिवट केस, आणि इथे थोडं सावध राहायला लागतं. २०१८ मध्ये क्रोमची ६९ वी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी असं केलं की तुम्ही जीमेलमध्ये साइन इन केलं की ब्राउझरसुद्धा तुमच्या नावाने साइन इन व्हायचा. ओरड झाल्यावर पुढच्या आवृत्तीत ते बंद करायचा पर्याय दिला, पण तो शेअर्ड मशीनवर कोणी बंद केलेला असेल असं धरून चालू नका. वर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला, म्हणजे जीमेलच्या पानाच्या बाहेर, अजून एक छोटा गोल असतो. तिथे तुमचा फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर दिसत असेल तर ब्राउझर तुमचा झालाय. लोक पानाच्या आतला गोल बघतात, हा बाहेरचा बघत नाहीत, दोन्ही सारखेच दिसतात आणि एकाखाली एक असतात.

वर जर सिंक, म्हणजे तुमची ब्राउझरमधली माहिती सगळ्या मशीनवर सारखी ठेवायची सोय, चालू केली असेल तर तुमचे बुकमार्क, हिस्टरी, सेव्ह केलेले पासवर्ड त्या मशीनवर उतरलेले असतात. घरी फोनवर वर्षभरात सेव्ह केलेले सगळे पासवर्ड, वाचनालयातल्या मशीनवर. आणि क्रोममध्ये साइन इन असताना कुकीज क्लिअर केल्या तर क्रोम बाकी बहुतेक साइटवरून तुम्हाला बाहेर काढतो पण गूगलमधून काढत नाही, हे त्या डायलॉगमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणून दहा वेळा क्लिअर करून पण जीमेल उघडंच राहतं आणि माणूस वैतागतो.

इथे क्रम महत्त्वाचा आहे, कृपया नीट वाचा. सिंक चालू असताना त्या मशीनवरून पासवर्ड किंवा हिस्टरी पुसलीत तर ती सगळीकडून पुसली जाते, तुमच्या फोनवरूनसुद्धा. एका बाईंचे असे सगळे पासवर्ड गेले होते, त्या सुरक्षित राहायलाच धडपडत होत्या. तर आधी त्या बाहेरच्या गोलावर क्लिक करून सिंक बंद करा, ब्राउझरमधून साइन आउट करा. बंद करताना "या कॉम्प्युटरवरची बुकमार्क, हिस्टरी, पासवर्ड पुसायचे का" असा चौकोन आला तर त्यावर टिक करा, तो फक्त त्या मशीनवरचं पुसतो. तुमच्या नावाचं वेगळं प्रोफाइलच तयार झालं असेल तर ते प्रोफाइल डिलीट करा. आवृत्तीनुसार शब्द थोडे इकडेतिकडे असतील. हे झालं, गोलात तुमचं चित्र राहिलं नाही अशी खात्री केली, की मग कंट्रोल, शिफ्ट, डिलीट. जी खिडकी उघडते तिच्यात वर वेळेचा पर्याय असतो, तो बऱ्याचदा "मागचा एक तास" असतो, तो बदलून "सगळा काळ" करा. तुम्ही सकाळी बसला असाल आणि दुपारी पुसत असाल तर एका तासाने काय होणार.

पासवर्डच्या जागी काळे ठिपके

म्हणजे "पासवर्ड सेव्ह करू का" या प्रश्नाला कोणीतरी हो म्हटलंय. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये पासवर्डची यादी उघडा, तुमची साइट शोधा, काढा. वरचं सिंकचं लक्षात ठेवा, आधी सिंक बंद. पुढच्या वेळी ती पट्टी आली की "कधीच नको" दाबा, नुसती फुली दाबली तर ती परत येते आणि कधीतरी चुकून हो होतं.

बॅक दाबलं की माझं पान दिसतंय

यात बहुतेक वेळा घाबरायचं काही नसतं. ब्राउझर आधी दाखवलेल्या पानाची प्रत काही वेळ जवळ ठेवतो, बॅक दाबलं की साइटला न विचारता तीच प्रत दाखवतो. त्या पानावर कुठेही क्लिक करा किंवा रिफ्रेश करा, लॉगिनचं पान आलं तर तुम्ही बाहेरच आहात. फक्त दिसणाऱ्या प्रतीवर जे लिहिलंय ते पुढचा माणूस वाचू शकतो, खात्यातली शिल्लक असेल, रिपोर्ट असेल, म्हणून तो टॅब बंद करा आणि शेवटी सगळा ब्राउझर बंद करा. रिफ्रेश केल्यावरही आतच राहिलात तर ते खरंच लॉगआउट झालेलं नाही, वर पहिल्यापासून सुरू करा.

व्हॉट्सअ‍ॅप वेब

हे मी वेगळं काढलं कारण इथे पासवर्ड टाकलेलाच नसतो म्हणून लोकांना लॉगिन केलंय असं वाटतच नाही. फोनने कोड स्कॅन केला, फोटो उतरवून घेतला, प्रिंट काढली, फोन खिशात टाकून निघाले. फोन बरोबर नेला म्हणजे कनेक्शन तुटलं असं वाटतं, आणि सुरुवातीला ते तसं होतंही, फोन बंद की वेब बंद. पण २०२१ पासून जोडलेला कॉम्प्युटर फोनशिवाय स्वतंत्र चालतो. तुमचा फोन घरी चार्जिंगला लावलेला असला तरी इथे मेसेज येत राहतात. फोन १४ दिवसांहून जास्त वापरलाच नाही तर जोडलेली मशीनं आपोआप सुटतात, पण रोजचा फोन १४ दिवस कोण बंद ठेवतं.

एका काकांच्या बाबतीत हे झालं, त्यांच्या घरातल्या ग्रुपवरचे मेसेज दोन दिवस आमच्या स्क्रीनवर येत होते, कोणाच्या तरी ऑपरेशनबद्दल चाललं होतं. मी त्यातून बाहेर काढलं पण ते मशीनवरून. तुम्हाला स्वतः बघायचं तर फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडा, तीन टिंबं किंवा सेटिंग, लिंक्ड डिव्हाइसेस. तिथे जोडलेली मशीनं दिसतात, फोन सोडून जास्तीत जास्त ४ जोडता येतात, प्रत्येकाखाली शेवटचं कधी वापरलं ते असतं. ओळखीचं नाही ते दाबा आणि लॉगआउट करा. टेलिग्राममध्ये सेटिंगमध्ये डिव्हाइसेस, तिथे बाकीची सगळी सेशन, म्हणजे इतर मशीनवर चालू असलेली लॉगिन, एकदम संपवायचं बटण आहे. हे वाचता वाचताच एकदा उघडून बघा, मी सांगितल्यावर बऱ्याच जणांना तिथे कुठलं तरी जुनं मशीन सापडलंय.

मग इनकॉग्निटोच वापरू का

इनकॉग्निटो म्हणजे ब्राउझरची खाजगी खिडकी. हो, वापरा, पण ते काय करतं हे माहीत असू द्या. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट, पी. त्या खिडकीतल्या कुकीज वेगळ्या राहतात आणि शेवटची इनकॉग्निटो खिडकी बंद झाली की जातात. यात "शेवटची" हा शब्द महत्त्वाचा. सगळ्या इनकॉग्निटो खिडक्यांचा डबा एकच असतो, तेव्हा आधीच्या माणसाने एक खिडकी मिनिमाइज करून सोडली असेल आणि तुम्ही नवीन उघडली, तर त्याचं लॉगिन तुम्हाला दिसतं आणि तुम्ही तुमची बंद करून गेलात तरी त्याची मागे चालू म्हणून तुमचंही राहतं. क्रोममध्ये वर इनकॉग्निटोच्या शेजारी कंसात आकडा दिसला तर एकापेक्षा जास्त खिडक्या आहेत, आधी सगळ्या बंद करा मग नवीन उघडा. त्याहून मला क्रोमचा गेस्ट मोड आवडतो, प्रोफाइलच्या गोलावर क्लिक केलं की यादीत खाली असतो, त्यात आधीच्या कोणाचं काही दिसत नाही आणि तुमचं मागे राहत नाही. आणि गेस्ट असो की इनकॉग्निटो, लॉगआउट तरीही करा, कारण मध्येच लाइट गेली, कोणी हाक मारली, खिडकी बंद करायची राहिली, तर तेवढंच वाचवतं.

दोन्हीमध्ये डाउनलोड केलेली फाइल मात्र मशीनवर राहतेच. ओळखपत्राचा फोटो, मार्कशीट, पगाराची स्लिप, हे मला आमच्या डाउनलोड फोल्डरमध्ये लॉगिनपेक्षाही जास्त सापडतं. प्रिंट झाली की कंट्रोल जे दाबून यादी बघा, फाइल फोल्डरमधून शिफ्ट डिलीटने काढा म्हणजे रिसायकल बिनमध्ये जाणार नाही. आणि पासवर्ड किंवा ओटीपी कॉपी पेस्ट करायचं टाळा. विंडोज १० पासून क्लिपबोर्डची हिस्टरी ठेवायची सोय आहे, कोणी चालू केली असेल तर विंडोजचं बटण आणि व्ही दाबलं की मागच्या २५ पर्यंत कॉपी केलेल्या गोष्टी ओळीने दिसतात. बघा, तुमचं काही दिसलं तर तिथेच क्लिअर करा.

निघून आल्यावर आठवलं तर

धावत परत जायची गरज नाही, फोनवरून होतं, आणि स्वतःच्याच फोनवरून करा, वाटेतल्या दुसऱ्या कुठल्या मशीनवरून नको. गूगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये सुरक्षा विभागात "तुमची डिव्हाइस" आहे, तिथून ते मशीन निवडून साइन आउट करा. फेसबुक आणि इन्स्टाग्रामला अकाउंट्स सेंटरमध्ये पासवर्ड आणि सुरक्षा, त्यात कुठे कुठे लॉगिन आहे ती यादी. मायक्रोसॉफ्टला सगळीकडून साइन आउट करायचा पर्याय आहे पण त्याला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा तिथे वाट न बघता पासवर्डही बदला. खरं तर सगळीकडेच आधी बाकीची सेशन संपवा आणि मग पासवर्ड बदला, नुसता पासवर्ड बदलला की जुनी सेशन तुटतातच असं प्रत्येक साइटवर नसतं.

आणि मेल जर काही तास उघडा राहिला असेल तर एवढ्यावर थांबू नका. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचा भाग आणि फिल्टरची यादी बघा, तुम्ही न टाकलेला कुठला पत्ता तिथे आहे का. कोणी तिथे आपला पत्ता घालून ठेवला तर तुम्ही लॉगआउट करा, पासवर्ड बदला, तुमचे मेल त्याला जातच राहतात. अकाउंट परत मिळवायचा फोन नंबर आणि दुसरा मेल आयडीही तुमचाच आहे ना ते बघा. कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं की इनबॉक्सच्या अगदी तळाला उजवीकडे बारीक अक्षरात "डिटेल्स" असतं, त्यात मेल कुठून आणि कधी उघडला ते दिसतं. ही लिंक फार जणांना माहीत नाही.

एका बाबतीत मात्र लॉगआउट काहीच करू शकत नाही. मशीनवर कोणी की लॉगर टाकला असेल, म्हणजे दाबलेलं प्रत्येक बटण नोंदवणारा प्रोग्राम किंवा कीबोर्डच्या वायरला जोडलेला छोटा तुकडा, तर तुमचा पासवर्ड टाइप करतानाच गेला. इनकॉग्निटो, गेस्ट, काही उपयोग नाही. म्हणून मी माझ्या स्वतःच्या रूममधल्या मशीनवरही बँकेचं काम करत नाही आणि कोणाला करू देताना आधी विचारतो की फोनवर होणार नाही का. जिथे फोनने क्यूआर स्कॅन करून लॉगिन होतं तिथे ते वापरा, कीबोर्डवर पासवर्ड पडत नाही. मात्र तेही लॉगिनच आहे, संपलं की फोनवरून तोडा. नुसती प्रिंट हवी असेल तर मेल उघडण्यापेक्षा फाइल पेनड्राइव्हवर आणा.

शेवटचं, तुम्ही मशीनवर बसलात आणि कोणाचं तरी उघडं दिसलं तर. वाचू नका, "तुमचं अकाउंट उघडं राहिलं" असा त्याच्याच मेलवरून त्याला मेलही पाठवू नका, चांगल्या मनाने केलं तरी ते दुसऱ्याच्या अकाउंटमधून काहीतरी करणंच आहे आणि तो माणूस घाबरतो. कोपऱ्यातला गोल दाबा, साइन आउट करा, नवीन टॅबमध्ये तपासा, खाली व्हॉट्सअ‍ॅप वगैरे मिनिमाइज केलेलं असेल तर तेही. मग रूम सांभाळणाऱ्याला जाऊन मशीनचा नंबर सांगा, म्हणजे आम्ही सुरुवातीचं सेटिंग बघून ते कशामुळे राहिलं ते शोधतो.